वजा चिन्ह आणि दहा दरवाजे

नातवंडांनो,

तुमच्या बाबाने परवा व्हिडिओ कॉलवर तुम्हाला एक गोष्ट सांगितली. "आजीने एकदा कॉम्प्युटर बिघडवला आणि त्यावरून सोसायटीची मीटिंग भरली," एवढीच. तुम्ही दोघं हसलात. मीही हसले, कारण कॉल महिन्यातून दोनदा होतो आणि तो भांडणात घालवणं मला परवडत नाही. पण गोष्ट तशी नाही. कॉम्प्युटर शेवटपर्यंत ठणठणीत होता. मी जे बिघडवलं ते वेगळंच होतं आणि त्याला जास्त डोकं लागलं होतं.

आत्ताच लिहायचं कारण असं की, ज्या फाइलमध्ये मी हा उद्योग केला ती माझ्या लॅपटॉपवर अजून उघडते. मात्र उघडताना दर वेळी एक चौकोन पुढे येतो आणि बजावतो की ही फाइल जुन्या प्रकारची आहे, प्रोग्रामच्या पुढच्या आवृत्तीत उघडेलच असं नाही. तेव्हा पुरावा हाताशी आहे तोवर कबुलीजबाब लिहून ठेवलेला बरा. मराठीत लिहिते आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण मराठी वाचताना तुम्हाला घाम फुटतो हे मला माहीत आहे. फुटू दे.

आमची दिंडोशीची बिल्डिंग तुम्ही पाहिली आहे. सात मजले, प्रत्येक मजल्यावर चार घरं. लिफ्टमधून बाहेर पडलं की दोन डावीकडे, दोन उजवीकडे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, डावीकडे. एका सकाळी खालच्या मीटररूममधून धूर आला. फार काही जळलं नाही, पण सगळ्यांना एकदम साक्षात्कार झाला की बिल्डिंग बांधली तेव्हा घरात एक फ्रिज आणि एक टीव्ही असायचा, आता खोलीगणिक एसी आहे, आणि भिंतीतली वायर मात्र तीच बिचारी तीस वर्षांपूर्वीची. जनरल बॉडीत ठरलं की सगळ्या घरांचं वायरिंग नव्याने करायचं.

त्याचं डिझाइन करायचं काम मिळालं आमच्याच बिल्डिंगमधल्या, चौथ्या मजल्यावरच्या मुलीला. तीही डावीकडचीच. मुलगी म्हणते, पण तिशीची आहे, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. वडील मूळचे वाशीमकडचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. अंधेरीच्या एका ऑफिसात तिने सहा वर्षं ड्रॉइंगं केली. ड्रॉइंग तिचं, कोपऱ्यात नाव साहेबांचं. शेवटी तिने राजीनामा दिला आणि स्वतःच्या नावाने काम करायचं ठरवलं. साहेब म्हणाले, "सहा महिन्यांत परत येशील, खुर्ची राखून ठेवतो." आमची बिल्डिंग हे तिचं पहिलं काम. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते दिलं, पण वर ऐकवलं, "घरची मुलगी म्हणून देतोय हां. एक चूक झाली ना, तर अंधेरीचा माझा माणूस तयार आहे." हा अंधेरीचा माणूस आम्ही कुणी कधी पाहिला नाही, पण आमच्या सोसायटीत लिफ्टपासून पाण्याच्या टाकीपर्यंत प्रत्येक कामासाठी तो तयारच असतो.

मी यात कशी शिरले ते सांगते. बिल्डिंगचे जुने नकाशे धड नव्हते म्हणून एका आर्किटेक्टकडून नवे काढून घेतले होते. ते आले एका नव्या, मोठ्या प्रोग्राममधून, ज्यात आख्खी बिल्डिंग उभी राहून गोल फिरते. आमच्या इंजिनिअरचं सॉफ्टवेअर होतं जुनं. कुठल्या खोलीला किती वीज लागेल, दिवा कुठे, स्विचबोर्ड कुठे, हे ते उत्तम सांगायचं, पण त्याला नकाशा लागायचा साध्या रेघांचा, जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये. म्हणून फाइल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलून घ्यायची. तिचे लोक याला कन्व्हर्जन म्हणतात. घर बदलताना टेम्पोतून सामान येतं, तसंच असतं ते. सगळं येतं, पण मिक्सरचं भांडं चपलांच्या खोक्यात आणि खोक्यावर लिहिलेलं 'नाजूक'.

एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन खाली आली. "आजी, हे बघा काय आलंय. वेड लागेल मला."

खोल्यांची मराठीत लिहिलेली नावं गळून पडली होती आणि जागोजागी प्रश्नचिन्हांची माळ लागली होती. हॉलवर प्रश्नचिन्हं, स्वयंपाकघरावर प्रश्नचिन्हं. तुमचे आजोबा चष्मा कपाळावर ढकलून वाकले आणि म्हणाले, "बाथरूमवर बरोबर आहे. तीन वर्षं गळतंय, मलाही तोच प्रश्न आहे."

नुसती नावं गेली असती तर चाललं असतं. असा नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद असतात. भिंती एका कागदावर, दरवाजे दुसऱ्यावर, सोफे-पलंग तिसऱ्यावर. त्यांना लेयर म्हणतात. कन्व्हर्जननंतर या लेयरची नावं ट्रकच्या नंबरप्लेटसारखी झाली होती आणि एकाचे चार-चार झाले होते.

"हे साफ करण्यात माझे आठ दिवस जातील," ती म्हणाली. "आणि मला अजून लोडची गणितं करायची आहेत."

"मी करते," मी म्हटलं.

ती 'नको' म्हणणार होती. पण तिला आठवलं असावं की विमा कंपनीच्या रेकॉर्ड विभागात माझी तेहतीस वर्षं गेली आहेत. चुकीच्या फायलीत गेलेला कागद मला तेव्हा वासावरून कळायचा. तिने माझ्या लॅपटॉपवर एक फुकटातला प्रोग्राम चढवला आणि तीन दुपारी बसून शिकवलं. काम दोनच होतं. नावं नीट लावायची आणि फर्निचर काढून टाकायचं, कारण वायरमनला सोफ्याशी काही देणंघेणं नसतं.

"आणि आजी, भिंतींना आणि दारांना हात लावायचा नाही."

"अगं, मी काय गवंडी आहे का?"

खरं सांगते, निवृत्तीनंतर इतकी मजा मला कशात आली नव्हती. सातही मजल्यांची रचना एकसारखी असल्याने आर्किटेक्टने एकाच मजल्याचा नकाशा काढला होता, तोच सगळ्यांना लागू. म्हणजे मी एक सोफा पुसला की सात घरांतले सोफे गेले. डायनिंग टेबलं गेली, कुंड्या गेल्या. आर्किटेक्टने प्रत्येक घरात दोन उशांसकट डबलबेड टाकला होता, अगदी पाचव्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या आजोबांच्या घरातही. तेही मी उचलले. एवढा अधिकार मला नोकरीत कधी मिळाला नव्हता आणि घरात तर नाहीच.

कामाच्या चौथ्या दिवशी सगळं संपत आलं होतं. या प्रोग्राममध्ये कुठल्याही वस्तूवर क्लिक केलं की बाजूला तिची कुंडली उघडते: कुठल्या लेयरवर आहे, कुठे आहे, लांबी-रुंदी-उंचीला मूळ मापाच्या किती पट आहे. मी सहज दारांच्या कुंडल्या बघायला लागले. हात लावायचा नाही असं तिने सांगितलं होतं, बघायचं नाही असं नव्हतं सांगितलं. डावीकडच्या दोन घरांत दहा दारं. सगळ्यांच्या पुढे एक, एक, एक. एकदम शिस्तीत. उजवीकडच्या दोन घरांत दहा दारं. सगळ्यांच्या पुढे वजा एक, एक, एक.

वजा एक! दार वजा एक पट कसं असेल? तुम्हीच सांगा. लाकडाचं दार आहे, शून्याहून लहान होऊन जाणार कुठे? कन्व्हर्जनने आधीच फाइलभर प्रश्नचिन्हांचा आणि आडव्या रेघांचा कचरा सांडून ठेवला होता. मला वाटलं ही त्यातलीच एक रेघ इथे येऊन पडली आहे. मी दहाही वजा चिन्हं झाडून काढली. प्रत्येक वेळी ते दार कूस बदलल्यासारखं हललं आणि आपल्या जागी स्वस्थ झालं. मला वाटलं, बरं वाटलं असेल त्याला.

"हसतेस कशाला?" तुमच्या आजोबांनी पेपरमागून विचारलं.

"दहा चुका सापडल्या. दुरुस्त केल्या."

"तिला विचारलंस?"

"ती कामात आहे. आणि चूक दुरुस्त करायला विचारायचं काय त्यात?"

"हे मी बावन्न वर्षं ऐकतोय," ते म्हणाले आणि पान उलटलं.

फाइल पाहून इंजिनिअर इतकी खूश झाली की मला लाजच वाटली. "आजी, झकास! अंधेरीच्या ऑफिसात इतकी स्वच्छ फाइल कुणी दिली नसती मला." तिने भिंतींची मापं तपासली, स्वतःच्या घराशी ताडून पाहिली, माझ्या घराशी ताडून पाहिली. दोन्ही घरं डावीकडची. सगळं बरोबर. मग तिने प्रत्येक दाराशी, म्हणजे दार उघडून आत गेल्यावर जिथे हात जातो तिथे, बोर्डाची जागा ठरवली. ड्रॉइंगचा मोठा प्रिंट आठवडाभर खाली नोटीसबोर्डवर लागला. शेजारी कागद: रहिवाशांनी आपले घर तपासून सही करावी.

अठ्ठावीसच्या अठ्ठावीस सह्या आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी सही करून झाल्यावर मला विचारलं, "कशाचं आहे हो हे?" सेक्रेटरींनी नुसती सही केली नाही. हिरव्या पेनने लिहिलं, 'तपासले. बरोबर आहे.' आणि खाली दोन रेघा मारल्या.

काम कुणाच्या घरापासून सुरू करायचं यावर चर्चा झालीच नाही. सेक्रेटरी म्हणाले, "माझ्या घरात आधी करा. मॉडेल फ्लॅट म्हणून. लोकांना बघायला बरं पडेल." ते राहतात सहाव्या मजल्यावर, उजवीकडे. सोमवारी वायरमन आले, भिंतीत वायरसाठी झिऱ्या पाडल्या, बोर्डांचे डबे बसवले, प्लास्टर केलं. सेक्रेटरींनी पाठोपाठ रंगारीही बोलावला. शुक्रवारी दुपारी आमची बेल वाजली. दारात सेक्रेटरी होते, इंजिनिअर माझं ऐकते म्हणून आधी माझ्याकडे आलेले.

"काकू, चला. वर चला. आत्ताच्या आत्ता."

मी पदर खोचून वर गेले. त्यांनी मला बेडरूमच्या दाराशी उभं केलं आणि दार ढकललं. "हं. लाइट लावा."

मी आत हात घालून भिंत चाचपली. भिंत गुळगुळीत, नव्या रंगाची, आणि कोरी.

"कुठे आहे बोर्ड?"

"या, दाखवतो." त्यांनी मला आत घेतलं, दार लावलं, आणि दारामागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे नवाकोरा बोर्ड होता. "म्हणजे खोलीत यायचं, दार लावून घ्यायचं, मग बटण शोधायचं! पाहुणा आला तर ओरडेल ना, मला कोंडलं म्हणून!"

त्यांच्या बायको बाहेरून म्हणाल्या, "मला आवडलंय बाई. निदान आता ह्यांना दार लावायची सवय लागेल."

"तू गप गं! काकू, हॉलमध्ये तेच, दोन्ही बेडरूममध्ये तेच, किचनमध्ये तेच. ही कसली इंजिनिअर?"

तोवर इंजिनिअर जिना चढून आली होती. तिने हातातला प्रिंट उघडला, दाराकडे पाहिलं, परत प्रिंटकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "ड्रॉइंगमध्ये दार या बाजूने उघडतंय."

"आणि माझ्या घरात त्या बाजूने. तीस वर्षं!"

"कन्व्हर्जनमध्ये फिरलं असेल, सर. मी बघते."

"ते मला सांगू नकोस. रविवारी मीटिंग. अंधेरीच्या माणसाला बोलावतो मी."

तिने जिन्यातूनच आर्किटेक्टला फोन लावला. त्यांच्या ऑफिसने लगेच स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यांच्याकडे दारं बरोबर होती. ती पायरीवर बसली. "आजी, चौदा घरांत चुकलंय. अजून एकातच काम झालंय हे नशीब. पण मी प्रत्येक दार उघडून बघायला हवं होतं. शाळेतल्या पोराने करावी अशी चूक आहे ही. आता ते साहेब हसणार, आणि मला त्यांच्याच खुर्चीवर जाऊन बसावं लागणार."

मला तेव्हा संशय आला होता. आणि मी काय बोलले असेन? मी म्हटलं, "चहा घेशील?"

घरी आल्यावर मी मूळ फाइल उघडली. अर्थातच मी ती 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवली होती, मी काहीच टाकत नाही. शेजारी माझी साफ केलेली फाइल ठेवली. एका दारापुढे वजा चिन्ह परत घातलं. दार फिरलं आणि बिजागरी या कडेची त्या कडेला गेली. चिन्ह काढलं. दार परत फिरलं. घातलं, काढलं, घातलं, काढलं. आठेक वेळा केलं. कबूल करते, तेव्हासुद्धा गंमत वाटली. मग उमगलं.

आर्किटेक्टने दारं डावीकडच्या घरांसाठी काढली होती. उजवीकडची घरं आरशातल्यासारखी उलटी, म्हणून तीच दारं उलटवून तिकडे ठेवली होती. 'हेच, पण आरशातलं' असं कॉम्प्युटरला सांगायची खूण म्हणजे ते वजा चिन्ह. मी कचरा म्हणून झाडून काढलेला तो अख्खा आरसा होता.

आता पुढचं वाचून तुमच्या मनातली माझी किंमत जरा कमी होईल, पण लिहिते. मी दहाही वजा चिन्हं जिथल्या तिथे बसवली, फाइलला 'सुधारित' नाव दिलं, आणि तिला पाठवायला एक ओळ लिहिली: फाइल पुन्हा कन्व्हर्ट केली, आता दारं बरोबर येत आहेत. एवढंच. खोटं म्हणावं असं त्यात फार नव्हतं.

तुमच्या आजोबांनी खांद्यावरून वाचलं. "म्हणजे तिला वाटणार मशीनची चूक होती."

"वाटू दे. मशीनला कुठे नोकरी आहे जायला?"

"आणि तिला?"

मी लॅपटॉप मिटला. ओळ पाठवली नाही, पण वर जाऊन खरं सांगायलाही पाय उचलेना.

शनिवारी सकाळी तीच खाली आली. हातात एक कागद. तिचं इंग्रजी पत्र असलं की ती मला दाखवून घेते. "आजी, फक्त स्पेलिंग बघा. कमिटीला द्यायचंय." मी वाचलं. चूक पूर्णपणे माझी आहे, मी हे काम सोडते आहे, सहाव्या मजल्यावरच्या दुरुस्तीची जबाबदारी माझी, असं लिहिलं होतं. स्पेलिंग सगळी बरोबर होती.

"हे देऊ नकोस," मी म्हटलं. "दारं मी फिरवली."

तिला कळेना. मी लॅपटॉप उघडून दाखवलं.

"तुम्ही दारांना हात लावलात?"

"दारांना नाही गं. वजा चिन्हांना."

"आजी!" ती इतक्या जोरात ओरडली की तुमचे आजोबा पेपर घेऊन गॅलरीत गेले. "एकच गोष्ट सांगितली होती ना मी? एकच! कालपासून मी जेवले नाहीये. आईने भाकरी वाढली, तशीच टाकून उठले. मला वाटलं मला येतच नाही काही. सहा वर्षं साहेबांचं नाव होतं तेच बरं होतं, असं वाटायला लागलं मला!"

मी इंग्रजीत सॉरी म्हटलं. मग मला वाटलं हा पळपुटेपणा झाला, म्हणून मराठीत माफी मागितली. त्याला जीभ वळायला जास्त वेळ लागला. तिने पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं. दारात वळून म्हणाली, "तुमची चूक आहेच. पण तपासायचं काम माझं होतं. ते मी मीटिंगमध्ये सांगणार."

"नको सांगूस."

"सांगणार," ती म्हणाली आणि गेली.

रविवारी खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून मीटिंग झाली. अंधेरीचा माणूस आला नाही, बोरिवलीला अडकला होता म्हणे. सेक्रेटरींनी सुरुवात केली, मी मध्येच उठले आणि सांगितलं की दारं मी फिरवली.

सेक्रेटरी इतक्या मायेने हसले की मला संताप आला. "काकू, तुमचं मन मोठं आहे. पोरीला सांभाळून घेताय. बसा तुम्ही."

"अहो, सांभाळून नाही घेत. मी केलंय."

"काकू, मोबाइलवर फोटो आडवा आला तर तुम्ही मान आडवी करता. तुम्ही कसलं ड्रॉइंग बदलताय!"

सगळे हसले. माझ्या आयुष्यात माझ्यावर खोटे आळ कमी आले नाहीत, पण खरा गुन्हा केल्यावर कुणी विश्वासच ठेवू नये हा अपमान नवा होता. लॅपटॉप मी नेलाच होता. कॅरमच्या स्टँडवर ठेवला, नकाशा उघडला, एका दारावर क्लिक केलं आणि सगळ्यांदेखत वजा चिन्ह पुसलं. दार फिरलं.

"अरे!" कुणीतरी म्हणालं. "परत करा, परत करा!"

मी परत केलं. खुर्च्या सरकल्या, सगळी कमिटी स्टँडभोवती गोळा झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे माझं किचन! माझं दार फिरवा."

"तुमचं कसं? हे माझं आहे, पाचशे तीन."

"अहो, सातशे तीन आहे ते, मी ओळखतो ना माझी खिडकी!"

एकाच स्वयंपाकघरावरून तीन मजले भांडायला लागले, तेव्हा इंजिनिअरला पुढे येऊन समजवावं लागलं की हा सगळ्यांचाच एक नकाशा आहे. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी बराच वेळ निरखून विचारलं, "पण माझा पलंग कुठाय?"

"काढला," मी म्हटलं. "सगळ्यांचेच काढले."

मग सेक्रेटरींना आठवलं की मीटिंग त्यांनी बोलावली आहे. "ठीक आहे, काकूंनी केलं. पण इंजिनिअरने तपासायला नको होतं?"

"हवं होतं, सर," ती म्हणाली. "मी डावीकडची घरं बघितली आणि उजवीकडचं एकही दार उघडून पाहिलं नाही. ती चूक माझी आहे. काम माझ्याकडे राहिलं तर प्रत्येक घरात जाऊन प्रत्येक दार उघडून बघेन, मगच पुढचं ड्रॉइंग देईन. नाही राहिलं तर फाइल दुरुस्त करून तुमच्या माणसाला देईन."

तेवढ्यात सेक्रेटरींच्या बायको नोटीसबोर्डवरचा सह्यांचा कागद काढून घेऊन आल्या. "आणि हे कुणी लिहिलंय? तपासले, बरोबर आहे. बिल्डिंगमध्ये हिरवं पेन एकाच घरात आहे."

सेक्रेटरी खाली बसले. पार्किंगमध्ये जो हशा झाला तो बघायला वॉचमन गेटवरून आला. त्यानंतर मत घ्यायची गरजच पडली नाही. काम तिच्याकडे राहिलं. अट एवढीच की दारं तपासताना मीही तिच्याबरोबर जायचं, शिक्षा म्हणून.

शिक्षा! अठ्ठावीस घरं, एकूण एक खोली, हातात प्रिंट आणि मनाई करायची कुणाची छाती नाही. कुणाच्या ट्रेडमिलवर साड्या वाळतात आणि कुणाच्या माळ्यावर शेजाऱ्यांची शिडी आहे हे मी इथे लिहीत नाही, कारण तुमचा बाबा ही चिठ्ठी पुढे पाठवेल. दोन घरांतून मला न मागता चकल्या आल्या, त्यावरून समजा. पण फिरलो ते वाया गेलं नाही. तीन घरांत लोकांनी मधल्या वर्षांत आपापली दारं स्वतःच फिरवून घेतली होती, त्याचा आर्किटेक्टलाही पत्ता नव्हता. ती तिन्ही आमच्या इंजिनिअरने टिपली. पहिले दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी एका घरात मी दारामागे जाऊन "इथे बोर्ड असता तर?" म्हणून दाखवलं, तेव्हा ती हसली.

वायरिंग वेळेत झालं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तिचं नाव आहे. अंधेरीची खुर्ची साहेबांनी राखून ठेवली होती, तिच्यावर ती गेली नाही. तिचं दुसरं काम मुलुंडच्या सोसायटीचं, आणि तिथे तिचं नाव सुचवलं आमच्याच सेक्रेटरींनी, त्यांच्या मेव्हण्याकडे. माझं नाव त्यांनी सुचवलं नाही.

त्यांच्या घरातले बोर्ड मात्र हलले नाहीत. भिंती पुन्हा फोडायला त्यांच्या बायकोने साफ नकार दिला, नवा रंग होता आणि धूळ काढून त्यांचा जीव गेला होता. म्हणून सेक्रेटरींनी सुतार बोलावला आणि चार दारांच्या बिजागऱ्या दुसऱ्या कडेला लावून घेतल्या. बाथरूमचं बटण बाहेर असल्याने ते दार तेवढं होतं तसंच राहिलं. त्यासाठी इंजिनिअरला सहाव्या मजल्याचा नकाशा वेगळा काढावा लागला. मूळ नकाशात उजवीकडच्या दहाही दारांपुढे वजा चिन्ह असतं. त्या नकाशात, सेक्रेटरींच्या घरातल्या चार दारांपुढे ते नाही. तो नकाशा माझ्याकडे आहे, आणि तो बरोबर आहे.